दोन्ही काठांची दुर्पी

“नाळ आमच्या मातीत पुरलीय तिची! आगसुद्धा आमच्याच मातीत लागणार!”

“मग लग्नात दिलीत कशाला, मामा? बांधून ठेवायची होतीत त्या नाळेला!”

“मेल्या, तुझा आजा मागायला आला होता. त्याला सून नको होती, वल्हं हवं होतं!”

“आणि तुम्ही दिलंत! अक्षता टाकल्यात, पंक्तीत बसलात, ढेकर देऊन परत गेलात!”

पाजवण गावातल्या एका ओटीवर भर दुपारी हे भांडण पेटलं होतं. एकीकडे खाडीपलीकडच्या शिरवेलहून आलेला अर्जुन तारी, दुर्पीचा धाकटा भाऊ. दुसरीकडे गोंदा तांडेल, दुर्पीचा पोटचा मुलगा. मामाच्या पाठीशी शिरवेलची पोरं, भाच्याच्या पाठीशी पाजवणची, आणि सगळ्यांच्या हातात वल्ही. पाणी कापायची वल्ही डोकी फोडायला काढली होती, एवढे ते शहाणे.

वाद होता दुर्पीला कुठल्या काठावर जाळायचं याचा. आणि दुर्पी अजून मेलेली नव्हती. आतल्या खोलीत चटईवर पडून, दार सताड उघडं टाकून, ती पेज पीत होती आणि ऐकत होती.

आता ही दुर्पी कोण, ते नीट ऐका. आपल्या पणज्यांच्या पणज्या परकरात हिंडत होत्या तेव्हाची ही हकिकत. शिरवेलच्या काठाला धाकू तारी नावाचा माणूस होता. लोकांना होडीनं या काठावरून त्या काठाला न्यायचं हे त्याचं काम. दुर्पी त्याची थोरली लेक. असं म्हणतात, पाळण्याचा झोका थांबला म्हणून ती कधी रडली नाही, पण खाडीला ओहोटी लागली की बरोबर रडायची. आई बाहेर न बघताच ओळखायची, पाणी उतरायला लागलं.

पुढं धाकूचे गुडघे धरले आणि वल्ही पोरीच्या हातात आली. पोरगी वल्हवतेय म्हणून मोठमोठे मिशाळ पुरुष तोंड फिरवून बसायचे. तोंड फिरवलं तरी पलीकडे कोरडेच पोचायचे ना! तिचा हात इतका मऊ की, असं म्हणतात, होडीच्या टोकावर एका पायावर झोपलेला बगळा या काठाला झोपलेला असे तो त्या काठाला जागा होई, मधलं पाणी त्याला कळत नसे.

दोन्ही गावांची माघात जत्रा भरे आणि जत्रेला होड्यांची शर्यत लागे. जिंकेल त्या गावानं वर्षभर खाडीच्या तोंडाशी पहिलं जाळं टाकायचं. म्हणजे ती नुसती मौज नव्हती, घराघरातल्या चुलीचा प्रश्न होता. एका वर्षी शिरवेलच्या एका गड्याचा खांदा ऐन वेळी निखळला. रिकाम्या जागेनं होडी सुटायची नाही असा नियम. धाकूनं कुणाला विचारलं नाही, पोरीला बखोटीला धरून होडीत बसवली. पाजवणचे लोक हसून हसून लोळले. “शिरवेलात मिशा संपल्या काय रे?” असं ओरडले. होड्या सुटल्या आणि त्यांचं हसू अर्ध्या खाडीत बुडालं. असं म्हणतात, त्या दिवशी दुर्पीच्या वल्ह्यानं पाणी मागं लोटलंच नाही, पाणीच वाट सोडून बाजूला झालं.

मग दर माघात तेच. शिरवेल जिंके, पाजवण हरे. शेवटी पाजवणच्या रावजी तांडेलानं युक्ती काढली. आपल्या लाडू नावाच्या मुलासाठी त्यानं दुर्पीला मागणी घातली. तालेवार घर, देखणा मुलगा, काही मागणं नाही. शिरवेलचे लोक खूश! सगळा गाव लग्नाला राबला, मांडव घातला, मासळी पुरवली. आणि वरात होडीत बसून पलीकडे निघाली, तेव्हा कुठं एका म्हाताऱ्याच्या डोक्यात लखलखलं. तो काठावरून ओरडला, “अरे, माघात वल्हवणार कोण?” तोवर नवरी मधल्या पाण्यात पोचली होती. आणि लाडू तांडेलाला वल्हवायला जमेना म्हणून वल्हीही नवरीनंच घेतली होती.

त्या वर्षी पाजवण जिंकलं. पण शिरवेलचे काय कमी होते? पुढच्या माघाच्या आधी त्यांनी लेकीला पहिल्या बाळंतपणाला आणली आणि बाळ रांगायला लागलं तरी पाठवली नाही. बाळाला आजीच्या मांडीवर टाकून दुर्पी माहेरच्या होडीत बसली आणि माहेर जिंकलं. मग तर खेळच झाला. जत्रा जवळ आली की शिरवेलात कुणी ना कुणी आजारी पडे, माहेरचं बोलावणं येई. पाजवणात अचानक सत्यनारायण निघे, सून घरात हवी म्हणत. दुर्पी दोन्हीकडचं ओळखून होती. ज्या काठावर जत्रेचा दिवस उजाडेल त्या काठासाठी ती वल्हवी, आणि जीव तोडून वल्हवी. नवरा हसून म्हणे, “मी बायको केली नाही गो, वारा घरात आणला. कधी इकडून, कधी तिकडून.”

पण तिच्या नावानं आपण हात जोडतो ते शर्यतींसाठी नाही. एका वर्षी मोठं उधाण आलं. बांध फुटले, खारं पाणी दोन्ही गावांतून फिरलं आणि विहिरी नासल्या. गोडं पाणी उरलं ते फक्त वर डोंगराच्या पायथ्याच्या झऱ्याला, जिथं खाडी संपून नदी होते. दुर्पीनं शर्यतीची होडी काढली, राखेनं आणि काथ्यानं घासून लखलखीत केली, म्हणाली, हिच्यात पाणी भरून आणते. पुरुष कळवळले. शर्यतीच्या होडीत पाणी भरणं म्हणजे अपशकुन!

ती म्हणाली, “तहानेनं मेलात तर शर्यत बघायला येणार कोण?”

तिनं दोन्ही गावांतल्या बायका वल्ह्यांवर बसवल्या, आणि बाया काय वल्हवतात ते खाडीनं तेव्हा पाहिलं. ज्या होडीतून जन्मभर पाणी उपसून टाकलं, तिच्यात काठोकाठ पाणी भरून त्या यायच्या. थांबायला सवड नव्हती, म्हणून जाताना ओहोटी आडवी आणि येताना भरती आडवी. असं म्हणतात, लाट उसळून होडीत पडली तरी खारं पाणी गोड्यात मिसळत नसे, तेलासारखं वर तरंगे आणि ओघळून जाई. काठावर दोन्हीकडून हाका येत, आधी इकडे, आधी इकडे! दुर्पी विचारी, “बाळंतीण कुठल्या काठावर आहे?” तिकडे आधी. विहिरी धुऊन निघेपर्यंत हे चाललं. त्या वर्षीची पोरं त्या पाण्यावर जगली. आपण त्याच पोरांच्या पोटचे. ज्यांच्या घशाखाली गोडं पाणी उतरतं त्यांनी हे विसरू नये.

तर अशी ही बाई चटईला लागली तेव्हा दोन्ही गावांना एकदम प्रेमाचा पूर आला. राख आमच्याकडे राहिली तर पाणी आमच्यावर कृपा करील, असं दोघांच्याही मनात बसलं. शिरवेलनं आपल्या देवाला कौल लावला, देवानं उजवं फूल दिलं, म्हणजे होकार. पाजवणनं आपल्या देवाला लावला, त्यानंही उजवंच दिलं. देव बिचारे शेजारधर्म पाळून मोकळे झाले.

दुर्पीला मरणाचं काही वाटत नव्हतं. तिची काळजी वेगळीच होती. तिच्यानंतर या काठाच्या कितीतरी लेकी त्या काठाला दिल्या होत्या, त्या काठाच्या या काठाला आल्या होत्या. आज ओटीवर एक डोकं फुटलं की उद्या होडी बंद. मग त्या सगळ्या सुनांना समोर माहेरची चूल दिसणार, धूर दिसणार, आणि जाता येणार नाही. माहेर आणि सासर दोन्ही हातांत धरून तिनं जन्म काढला होता, आणि आता तिच्याच चितेसाठी ते दोन्ही हात तोडायला निघाले होते. ओटीवर गोंदानं वल्हं उगारलं होतं, ते स्वतःच्या मामावर.

त्या दिवशी डोकं फुटलं नाही. दुर्पी गेली ती पुढं काही दिवसांनी, आणि तिची चिता शिरवेलला पेटली नाही की पाजवणला नाही. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे, जो कुठल्याच गावाचा नाही, तिथं पेटली.

अजूनही माघात शर्यती संपल्या की एक होडी वेगळी सुटते. तिला दुर्पीची होडी म्हणतात. मधल्या जागेवर माणूस नसतो, झऱ्याच्या गोड्या पाण्याचा हंडा असतो. होडीचं तोंड दांड्याकडे, शिरवेलच्या काठाच्या बाजूला शिरवेलची माणसं, पाजवणच्या काठाच्या बाजूला पाजवणची. थोड्या वेळापूर्वी शर्यतीत एकमेकांच्या उरावर बसलेली हीच माणसं इथं वल्ह्याला वल्हं मिळवून बसतात. कुणी ओरडत नाही, कुणी पुढं जायला बघत नाही. होडी सुतासारखी सरळ दांड्यापर्यंत जाते, तिथं तो हंडा वाळूत ओततात. त्या वर्षी ज्या पोरी लग्न होऊन खाडीपार आल्या, त्या सगळ्या ओतण्याआधी त्यातलं ओंजळभर पाणी पितात आणि दुर्पीला नमस्कार करतात. बाहेरगावचे पाहुणे विचारतात, एवढे कसलेले गडी, मग कुणीच जोर का करत नाही? तेव्हा काठावरची कुणीतरी बाई त्यांना ती दुपार सांगते, उगारलेलं वल्हं सांगते, आणि पेजेचा वाडगा बाजूला सारून, कोपरावर उठून दुर्पी आतून काय म्हणाली ते सांगते:

“मेल्यांनो, मला होडीत मधोमध निजवा, आपापल्या काठाच्या बाजूची वल्ही धरा, आणि ज्याला मी जास्त आपली वाटते त्यानं खुशाल जास्त जोर करा, म्हणजे होडीचं तोंड फिरून मी थेट समोरच्याच्या दारात जाईन!”