कुणाचा डावा?

एकदा एका शिष्येला आपल्या प्रतिस्पर्धिनीच्या एकाच कानात बोळा दिसला, आणि तिचं चित्त तिथेच अडकून बसलं.

दोन्ही कानांत बोळे असते तर तिला काही वाटलं नसतं. पूलच्या खेळात एकाग्रतेसाठी कान बंद करून घेणारे पुष्कळ असतात. एकाही कानात नसता तरी प्रश्न नव्हता. पण एकाच कानात? नारिंगी रंगाचा, स्पंजचा, आणि नेमका आपल्या बाजूच्या कानात?

'जाऊ दे, कान दुखत असेल,' असं तिने मनाला सांगितलं. मन ऐकेना. ते तसंही कधी ऐकत नसे. कुणाच्या हातून पेला निसटला तरी दचकणारी मुलगी ती.

ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. हिरव्या कापडाचं टेबल असतं. त्याच्या चार कोपऱ्यांत चार आणि लांब बाजूंच्या मधोमध दोन, अशी सहा पॉकेटं असतात. बॉल दहा, क्रमांक घातलेले; क्यू नावाच्या लांब काठीने पांढरा बॉल मारून ते पॉकेटांत घालवायचे. लहानापासून मोठ्याकडे जात शेवटी दहा नंबरचा बॉल घालवायचा की फ्रेम, म्हणजे तो डाव, तुमची. पण क्यू चालवण्याआधी प्रत्येक वेळी मोठ्याने सांगावं लागतं की कोणता बॉल कोणत्या पॉकेटात जाणार. याला खेळाडू 'कॉल' म्हणतात. शिष्येचे वस्ताद मात्र त्याला 'हाक' म्हणत. सांगितलेल्या पॉकेटात बॉल गेला तरच तो तुमचा. दुसऱ्या पॉकेटात कितीही देखणा गेला तरी पाळी गेली. हाक ऐकू आली नाही तर समोरच्याला पुन्हा विचारण्याचा हक्क असतो. आणि ती समोरच्यानेही ऐकली नाही, पंचानेही ऐकली नाही, तर ती दिलीच नव्हती असं धरतात.

त्या रविवारी सकाळी राज्याच्या संघातली एक जागा ठरायची होती. जी आधी सात फ्रेम जिंकेल ती संघात. शिष्या याआधी दोनदा याच पायरीवर हरली होती, दोन्ही वेळा पुढे असताना. म्हणून आदल्या दिवशी तिने वस्तादांना सांगून टाकलं होतं, "या वेळी हरले तर तुमची क्यू तुम्हाला परत करीन. मला पुन्हा टेबलाशी उभं राहायचं नाही." ती क्यू वस्तादांची स्वतःची, तरुणपणची. मुठीशी गुंडाळलेला दोरा त्यांच्याच हाताने काळा पडलेला.

वस्तादांनी समजूत घातली नाही. "बरं," एवढंच म्हणाले.

आणि समोर होत्या घोरपडे. हॉलमध्ये त्यांना सगळे बाईसाहेब म्हणत, आणि ते त्यांना शोभत असे. चाकांची पेटी ओढत त्या आल्या त्याच सर्कस उतरावी तशा! डाव्या हाताला तीन बोटांचा तांबडा हातमोजा. डोळ्यांवर पिवळ्या काचांचा चष्मा. कमरेच्या पट्ट्याला लोहचुंबकाने चिकटवलेला, क्यूच्या टोकाला घासायचा चॉक. एक क्यू खेळायची, एक जाड क्यू सुरुवातीला रचलेले बॉल फोडायची, आणि मध्ये आलेल्या बॉलवरून पांढरा बॉल उडवायची एक आखूड क्यू. ही आखूड क्यू तीन तुकड्यांची होती. शिष्या नेम धरून वाकली की बाईसाहेब खुर्चीत बसून तिचे तुकडे फिरवून सोडवायच्या. कर्र. कर्र. कर्र.

"अगं, काय सुरेख कोपर आहे तुझं!" पहिल्याच फ्रेममध्ये त्या कौतुकाने म्हणाल्या. "असं बाहेर काढूनच मारतेस होय नेहमी?"

झालं! पुढच्या दोन फ्रेम शिष्येला शरीरात कोपराखेरीज दुसरा अवयव असल्याचं जाणवलं नाही. दोन्ही गेल्या.

तरी ती लढली. हात चांगला होता, आणि वस्तादांनी घोटून घेतलेला होता. तीन-तीन. पाच-चार! हॉलमध्ये कुजबुज वाढली. चहावाला किटली घेऊन दाराशीच थबकला. सहा-पाच! आणखी एक फ्रेम, की जागा तिची.

बाराव्या फ्रेममध्ये ती बॉलमागून बॉल घालवत निघाली. सहा नंबरचा बॉल अगदी सोपा होता, कोपऱ्याच्या तोंडाशी.

"सहा, डावा कोपरा," ती म्हणाली.

"काय?" बाईसाहेबांनी बोळ्याच्या कानावर हात ठेवला. "ऐकू नाही आलं गं."

"सहा. डावा कोपरा."

"डावा? कुणाचा डावा?" बाईसाहेब टेबलाच्या पलीकडे, तिच्या अगदी समोर उभ्या होत्या. "तुझा का माझा?"

लोक हसले. शिष्या हसली नाही. तिने आपल्या हाताकडे पाहिलं, मग त्यांच्या हाताकडे पाहिलं. मग, देव जाणे का, तिने पंचांकडे पाहिलं. एकच पंच, पठाण सर, दोन टेबलं सांभाळत होते.

"देशमाने, विचारायचा हक्क आहे त्यांना," सर शिष्येला म्हणाले. "नीट सांगा आणि खेळा."

"उजवा," शिष्या म्हणाली. "म्हणजे, त्यांचा... नाही, माझा. उजवा."

आणि तिने बॉल मारला. सरळ, स्वच्छ, एखादं फूल ओंजळीत पडावं तसा तो डाव्या कोपऱ्यात गेला.

हॉलभर एकच "अरेरे!" उठलं. हाताने बरोबर केलं होतं, तोंडाने घात केला होता. पाळी गेली. बाईसाहेबांनी उरलेले बॉल हां हां म्हणता घालवले. सहा-सहा. आता शेवटची फ्रेम.

मध्यंतराला शिष्या वस्तादांकडे धावली. डोळे भरलेले, श्वास लागलेला.

"वस्ताद, तक्रार करा! तो बोळा खोटा आहे. मी पाहिलंय. त्या या बाजूला आल्या की उजव्या कानात असतो, त्या बाजूला गेल्या की डाव्या. माझ्याकडे जो कान असतो त्यातच! आणि तो चष्मा, तो हातमोजा..."

"हातमोजा चांगला आहे," वस्ताद म्हणाले. "घामाने क्यू अडकत नाही. तूही घे एक. चष्म्याने ट्यूबलाइटची तिरीप कमी लागते. चॉक कमरेला असला की शोधावा लागत नाही."

"आणि बोळा?"

"तो मात्र तुझ्यासाठी आहे."

असं म्हणून वस्ताद उठले. शिष्येला वाटलं, आता हे पंचांकडे जाणार. पण त्यांनी आपली खुर्ची उचलली, हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या माठाशी नेली, आणि टेबलाकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसले.

"वस्ताद रुसले काय रे?" कुणीतरी म्हणालं.

"शिष्या हरलेली बघवेना म्हाताऱ्याला," दुसऱ्याने जोड दिली.

ती त्यांच्या मागे पळत माठाशी गेली. "वस्ताद! निदान आत्ता तरी माझ्याकडे बघून बसा. तुमच्याकडे बघितलं की मला धीर येतो."

"म्हणूनच," वस्ताद भिंतीशीच बोलावं तसे म्हणाले. "पोरी, सकाळपासून मी डोळे मिटून तुझ्या हाका ऐकतोय. तू हाक देतच नाहीस. तू विचारतेस. 'सहा, डावा कोपरा?' शेवटी आवाज वर जातो बघ तुझा. चालेल ना? बरोबर आहे ना? कधी पंचांना विचारतेस, कधी मला, आणि बऱ्याचदा तर बाईसाहेबांनाच! आता प्रश्न विचारला तर उलट प्रश्न येणारच. ती लबाड आहे, हुशारही आहे. पण तिने तुझं काही हिसकावलेलं नाही. तू उघड्यावर ठेवलंस, तिने उचललं."

शिष्येने क्यूच्या मुठीवरचा दोरा चाचपला.

"आई पोराला जेवायला हाक मारते ती केव्हा?" वस्तादांनी विचारलं. "ताट वाढून झाल्यावर. ताट वाढलेलं असलं की हाकेत विचारणं नसतं. पोर येतो म्हणो, नको म्हणो, भात वाफाळतच असतो. तुझं ताट वाढलेलं नसतं, आणि तू हाका मारत सुटतेस. आधी मनात तो बॉल घालव. तो पडल्याचा आवाज ऐक. मग तोंड उघड. ओरडायचं कारण नाही. मी इथे बसलोय, मला ऐकू आलं म्हणजे झालं. आणि एक लक्षात ठेव, प्रश्नाला प्रश्न मिळतो. हाकेला ओ मिळते."

"आणि नाही मिळाली तर?"

"तरी ताट वाढलेलंच असतं," वस्ताद म्हणाले. "जा, सर बोलावतायत."

ती परत आली. छाती धडधडत होतीच. ती काही अशी एका भाषणाने थांबत नसते. बाईसाहेबांनी जाड क्यूने बॉल फोडले. दणका असा, की शिष्या दचकलीच. एक, दोन आणि तीन नंबरचे बॉल त्यांनी घालवले, पण चौथा पॉकेटाच्या ओठावर आपटून मागे फिरला. पाळी शिष्येची!

ती वाकली नाही. उभी राहिली. टेबलाकडे पाहिलं आणि पाहतच राहिली. बाईसाहेबांची आखूड क्यू सुरू झाली, कर्र, कर्र. शिष्येने तो आवाज येऊ दिला. मनात चौथा बॉल निघाला, पोहोचला, खाली पडला. टप्प. मग ती म्हणाली,

"चार. दाराकडचा कोपरा."

तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. दार तर सगळ्यांचंच एका बाजूला होतं! त्यात डावं-उजवं काय? हे आधी का सुचलं नव्हतं? कारण आधी ती पॉकेटाकडे पाहतच नव्हती. ती माणसांच्या तोंडाकडे पाहत होती.

"काय?" बाईसाहेब म्हणाल्या.

"चार. दाराकडचा कोपरा." तोच सूर, तेवढाच आवाज. आणि बॉल गेला.

"पाच. माठाकडचा कोपरा." गेला.

"काय गं?"

"सहा. दाराकडचा कोपरा." गेला! सात गेला, आठ गेला. लोक खुर्च्यांवरून उठले. चहावाल्याने किटली जमिनीवर ठेवून दिली. शेजारच्या टेबलावर एका फाऊलवरून दोन खेळाडूंचं कडाक्याचं भांडण जुंपलं होतं, आणि पठाण सर त्यांच्यात मधोमध सापडले होते. पण इकडे कुणाचं तिकडे लक्ष होतं? नऊ गेला!

उरला दहा. आणि तो वाईट जागी होता. सरळ एकाही पॉकेटाला लागत नव्हता. समोरच्या कडेवर आपटवून, परत आणून, मधल्या पॉकेटात घालायचा होता. असा बॉल पाहणाऱ्याला आपोआप कळत नाही. तो हाकेवाचून मोजलाच जात नाही.

माठाशी वस्तादांची पाठ दिसत होती, जराही न हलणारी. शिष्या थांबली. मनात दहा नंबरचा बॉल कडेवर गेला, वळला, आला. टप्प. पुन्हा एकदा पाहिलं. टप्प.

"दहा," ती म्हणाली. "एक कड घेऊन. खिडकीकडचं मधलं पॉकेट."

या वेळी "काय?" आलं नाही. बाईसाहेबांच्या हातातली आखूड क्यूसुद्धा थांबली होती. शिष्येने ओ येण्याची वाट पाहिली नाही. ती वाकली आणि तिने मारला.

बॉल कडेवर गेला, वळला, आला, आणि पडला.

टाळ्या, शिट्ट्या, आरोळ्या! आणि त्यातच एक वर उचललेला हात.

"थांबा, थांबा!" पठाण सर घाईघाईने या टेबलाकडे येत म्हणाले. "दहाची हाक काय होती? आवाज आला मला, पण शब्द काही लागले नाहीत. हे दोघे माझ्या कानाशीच भांडत होते."

"आम्ही ऐकली, सर! खिडकीकडचं मधलं!" मागून चार-पाच जण एकदम ओरडले.

"तुमचं मोजत नाहीत," सर म्हणाले. "वस्ताद, तुमचंही नाही. घोरपडे, तुम्ही सांगा. तुम्ही हाक ऐकली?"

सगळ्या माना बाईसाहेबांकडे वळल्या.

एक 'नाही' पुरे होतं. ते म्हणायला साधनही कानात तयार होतं, नारिंगी रंगाचं, सगळ्यांना दिसणारं. 'नाही' म्हटलं की पाळी बाईसाहेबांची, आणि क्यू कायमची वस्तादांकडे परत. शिष्येने तोंड उघडलं नाही. सकाळी याच जागी तिने पंचांकडे पाहिलं असतं, लोकांकडे पाहिलं असतं, सांगा ना हो म्हणून विनवलं असतं. आता ती क्यू उभी धरून नुसती उभी होती. तिच्या मुठीखाली तो काळा पडलेला दोरा होता. ताट वाढून झालं होतं.

बाईसाहेबांनी पिवळा चष्मा वर सरकवला. बोटाने कानातला बोळा काढला आणि तळहातावर घेऊन त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. सवयीने त्यांचे ओठ 'काय?' म्हणायला विलग झाले. मग त्यांनी टेबलापलीकडच्या त्या मुलीकडे पाहिलं.

"ओ," त्या म्हणाल्या.