रांजणाचा तळ

“पण बाबा, माझं चुकलं काय?”

लतीफबाबांचा हात थांबला नाही. ते रांजणातलं पाणी तांब्यातांब्यानं काढून चिंचेच्या बुंध्याशी ओतत होते.

दर्ग्यापुढचा हा जुना घाटरस्ता. वरून नवा रस्ता झाला, तेव्हापासून इकडं गाडी फिरकत नाही. बाबांची पाणपोई मात्र आहे तिथंच आहे. सुनीती लहानपणी वडिलांचं बोट धरून इथं पाणी प्यायला यायची. मन कौल देईना, की अजूनही यायची.

“नीट सांग,” बाबा म्हणाले. “त्या फोनमधलं मला काही कळत नाही.”

“माझा ओजस अडखळत बोलायचा ना... त्याच्याकडून काय काय करून घेतलं, ते सगळं मी वेबसाइटवर लिहिलं. तशा मुलांच्या आईबापांसाठी. फोनवर कुणीही ‘मूल अडखळतं’ असं शोधलं, की सगळ्यात वर माझं पान. मोठमोठे डॉक्टर माझ्या खाली!”

“वा!”

“कसलं वा, बाबा? शोधून देणाऱ्या कंपनीनं नियम बदलले. एका दिवसात मी कुठल्या कुठं मागं गेले. एवढं मागं जाऊन कोण बघतं? चिटपाखरू येत नाही आता. एकजण म्हणतो, तेच तेच शब्द पानभर पेरा, परत वर याल. दुसरा म्हणतो, बंद करा. मी ठरवलंय. आज घरी गेले की बंदच करते.”

बाबांनी शेवटचा तांब्या ओतला. घाई नाही, चिडचिड नाही. नमाजाला बसावं तसा माणूस पाणी ओतत होता.

सुनीतीला राहवेना.

“काल कुणी आलं होतं प्यायला?”

“नाही.”

“परवा?”

“एक शेळी.”

“मग भरलेला रांजण ओतलात कशाला? कुणी थेंबसुद्धा प्यायलं नाही!”

“म्हणून तर ओतला. प्यायलेलं पाणी कधी शिळं होतं का?”

सुनीती हसली. मग तिचं हसू थांबलं.

“तुझ्याकडं गर्दी होती,” बाबांनी विचारलं, “तेव्हा पाणी बदलायचीस?”

“तेव्हा वेळ कुठं होता, बाबा? सत्कार, भाषणं...”

बाबांनी रिकामा तांब्या उपडा घातला.

पुसदच्या एका बाईचा निरोप सुनीतीला आठवला. ‘ताई, तुम्ही दिलेल्या नंबरावर बोलायला शिकवणाऱ्या मॅडम नाहीत. एक पिठाच्या गिरणीवाले उचलतात. बिचारे चांगले आहेत. माझं रडणं ऐकून घेतात.’

तो निरोप वाचून ती हसली होती. घरात सगळ्यांना वाचून दाखवला होता. नंबर मात्र बदलला नव्हता. तेव्हा ती सगळ्यात वर होती.

चिंचेखाली ओली माती पाणी पीत होती...

“मी सगळं नीट केलं,” ती हळूच म्हणाली, “तर लोक परत येतील?”

बाबांनी वर नव्या रस्त्याकडं पाहिलं. गाड्यांची घरघर इथपर्यंत ऐकू येत होती.

“कुणास ठाऊक, पोरी. रस्ता काय माझा आहे?”

त्यांनी रांजण कलता केला. काथ्याचा बोळा उचलला आणि घासायला हात आत घातला. खांदा टेकेपर्यंत घातला. इतकी वर्षं रोज, न येणाऱ्या माणसांसाठी. सुनीती बघत राहिली. उन्हात त्यांचं कपाळ घामानं चमकत होतं, आणि चेहरा मात्र नुकतंच पाहुणे येणार असल्याचं कळावं तसा.

तिनं पदर खोचला. बांगड्या वर सारल्या.

“आणा इकडं, बाबा.”

बाबांनी बोळा तिच्या हातात दिला आणि ते बाजूला सरकले.

“तुझा हात बारीक आहे,” ते म्हणाले. “तळापर्यंत पोचेल.”