बिनखुणेच्या हंड्या

चेक देशातल्या मोराव्हिया प्रांतात, झेलनोव गावात, जुन्या ज्यू वस्तीच्या टोकाला एक दगडी भट्टी आहे. शनिवारी दुपारी तिचं तोंड उघडतात आणि आतून मातीच्या हंड्या निघतात. सगळ्या सारख्या, एकीवरही खूण नाही. जो येतो तो हाताला लागेल ती हंडी घेऊन घरी जातो.

कराडहून इतिहास शिकायला तिकडे गेलेली तेजल भोईटे सकाळपासून ही वस्ती पाहत हिंडत होती. प्रार्थनागृह झालं, कबरस्तानातल्या कललेल्या शिळा झाल्या. भट्टीपाशी मात्र ती थबकली. माणसं एकमेकांच्या हंड्या चुकून नेताहेत, असं तिला वाटलं. वस्ती दाखवणाऱ्या रिव्का आजी हसल्या आणि तिला बाकावर बसवून सांगू लागल्या.

शनिवार हा ज्यूंचा विसाव्याचा दिवस, त्या दिवशी चूल पेटत नाही. म्हणून शुक्रवारी सूर्य मावळण्याआधी घराघरातली हंडी या भट्टीत यायची. जव, घेवडा, जमलं तर मांस. हंडीच्या कानाला बांधलेल्या रंगीत चिंधीवरून ज्याची त्याला ओळखू यायची. भट्टी सांभाळायची गिट्ल नावाची बाई.

एका वर्षी हिवाळा फार कडक पडला. गिट्लने एका विधवेची हंडी उचलली, तर ती हलकी लागली. आत पाणी डुचमळत होतं आणि तळाशी नुसता कोंडा. घरात काही नाही हे गावाला कळू नये, म्हणून ती बिचारी दर शुक्रवारी हंडी आणत होती. उघड मदत करावी, तर त्या बाईची लाज चव्हाट्यावर येणार. तिने भट्टीचं तोंड लिंपण्याआधी सगळ्या चिंध्या सोडल्या आणि आगीत टाकल्या.

दुसऱ्या दिवशी कोंड्याची हंडी गेली धान्याच्या व्यापाऱ्याकडे, अझ्रिएलकडे. तो वस्तीचा मुखिया. भट्टीची किल्ली गिट्लला त्यानेच दिलेली. दुसरं काही शिजवता येईना. घरच्यांनी तोच कोंडा खाल्ला, मुलं रडत झोपली. संध्याकाळी तो भट्टीवर आला. आता हिचं काम गेलं, असंच सगळ्यांना वाटलं.

"हे कोण खातं?" त्याने विचारलं.

"मी सांगणार नाही," गिट्ल म्हणाली. किल्ली तिने त्याच्यापुढे धरली.

अझ्रिएल किल्ली न घेताच बोलला, "पुढच्या शुक्रवारी माझ्या हंडीला चिंधी बांधू देऊ नकोस."

विसाव्याचा दिवस सरताच त्याने जवाची आणि घेवड्याची पोती भट्टीशी आणून ठेवली. ज्याला लागेल त्याने न्यावं. कुठली हंडी कुणाच्या घरी जाईल याचा नेम उरला नाही, तशी प्रत्येक हंडीत चांगलं पडावं ही काळजी सगळ्या गावाला लागली.

मग रिव्का आजी हळू आवाजात म्हणाल्या, की दुसऱ्या महायुद्धात इथली ज्यू माणसं छळछावण्यांत नेली, परतली फार थोडी. परतलेल्यांत आजींची आई होती. परतल्यावर पहिल्या शुक्रवारी ती एकटीच हंडी घेऊन आली. भट्टी रिकामी पाहून तिथेच बसली. मग शेजारच्या ख्रिस्ती बायका एकेक करून आपापल्या हंड्या घेऊन आल्या.

एवढं बोलून आजींनी एक गरम हंडी तेजलच्या हातात ठेवली. तेजलचे डोळे भरून आले होते. कुणाचे आभार मानू, तिने विचारलं.

"ते इथे विचारत नाहीत," आजी म्हणाल्या.

आजही झेलनोवात दर शुक्रवारी भट्टी पेटते, आणि रांधणारीला आपलं अन्न कोण जेवणार हे ठाऊक नसतं.