हातखोलची उलटी खुर्ची

या, आत या. त्या बाकावर बसा, पण टेबलावरच्या खुर्चीला हात लावू नका. झाडलोट चाललीय म्हणून ती उलटी ठेवलेली नाही. आषाढ लागला की हातखोलच्या या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल बसत नाही. मी स्वतः एकोणतीस पावसाळे इथं उभी राहून पुस्तकं दिली. माझे गुडघे त्याची साक्ष देतील.

ही रीत विसूनाना पोंक्षे यांच्यापासूनची, असं सांगतात. नाना इथले पहिले ग्रंथपाल. वाचनालय तेव्हा खाली, नदीच्या काठाला होतं. पुस्तकांच्या बाबतीत नाना महाकडक. ओल्या हाताचा माणूस दारातूनच परत जाई. नदीवर होडी चालवणाऱ्या भागी खारविणीनं एकदा पुस्तक मागितलं, सून वाचून दाखवील म्हणाली. ज्याला वाचता येत नाही त्याला पुस्तक कशाला, असं म्हणून नानांनी तिलाही वाटेला लावलं.

त्याच वर्षी आषाढात नदी चढली. सकाळी पाणी वाचनालयाच्या पायरीला लागलं आणि मदतीला धावून आली ती भागीच. पुस्तकं होडीत घालून ती वरच्या देवळाच्या पायऱ्यांशी पोचवू लागली. दुपारपर्यंत कपाटं रिकामी झाली. ही खुर्चीसुद्धा आली. शेवटच्या खेपेला नाना आले आणि सगळ्यांनी हुश्श केलं. तेवढ्यात नानांना आठवलं, की एक पुस्तक टेबलाच्या खणात राहिलं.

खरं तर सोडून द्यायला हवं होतं. पण पुस्तकवेड्या माणसाला अशा वेळी दुसरं काही दिसत नाही. मलाही दिसलं नसतं, उगाच शहाणपणा कशाला सांगू? नाना म्हणाले, "भागी, एवढी एकच खेप."

भागीनं होडी वळवली. ती आत शिरली, पुस्तक पदरात गुंडाळून बाहेर आली, हे देवळातून सगळ्यांनी पाहिलं. ती होडीत बसते न बसते तोच मागची भिंत कोसळली, लोंढा आला आणि होडी खाडीच्या दिशेनं वळणाआड दिसेनाशी झाली.

पूर ओसरल्यावर वाचनालय देवळाच्या ओसरीत सुरू झालं. नानांनी आठवणीनं पुस्तकं लावली, तेव्हा फळीवर एका पुस्तकाएवढी फट उरली. ती त्यांनी तशीच ठेवली. लोक खुर्ची पुढे करत. नाना ती टेबलावर उलटी घालत आणि दिवसभर उभे राहत. एका पुस्तकासाठी काय हा हट्ट, असं गाव म्हणे. खरं काय ते भागीच्या सुनेला ठाऊक होतं. कारण रोज संध्याकाळी नाना तिच्या दारात येत, काही खबर लागली का एवढंच विचारत आणि खाली मान घालून परत जात.

नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला, होड्या सुटल्या आणि खाडीपलीकडून परत आलेल्या गावच्या पहिल्याच होडीतून काठी टेकत भागी उतरली. पलीकडच्या लोकांनी वाहत आलेल्या होडीतून तिला ओढून काढलं होतं, पण पाय मोडलेला, आणि भर पावसाळ्यात तिथून निरोप यायलाही वाट नव्हती. नाना कसे उभे असतात, ते तिला येताना होडीवाल्यांनी सांगितलं होतं म्हणे. ती तडक ओसरीवर आली आणि तिनं पुस्तक पुढे केलं. नानांनी त्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"भागी, पाय कसा आहे?" त्यांनी विचारलं.

"बरा हाय," भागी म्हणाली. "पुस्तक भिजू नाय दिलां. आता बसा तुमी."

नानांनी खुर्ची सुलटी केली आणि तिच्यावर भागीला बसवलं. स्वतः पायरीवर टेकले. पुस्तक तिच्याच हाती परत दिलं आणि सुनेकडून सावकाश वाचून घे म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्या माणसाला मोकळा श्वास आला असेल.

सुनेनं वाचून झाल्यावर पुस्तक परत आलं, म्हणून फळीवरची ती फट तुम्हाला आता दिसायची नाही. पण आजही नारळी पौर्णिमेला खुर्ची सुलटी होते आणि तिच्यावर आधी खारवीवाड्यातली एखादी बाई बसते. ग्रंथपाल तिची विचारपूस करतो, मग तिला पुस्तक देतो. वाचता येतं का, असं मात्र त्या दिवसापासून या दारात कुणालाच विचारलेलं नाही.