दोन दिवसांची माती

“भिंत कुठं ठेवलीत, डाक्टर?”

हैबतीबाबांनी हे खड्ड्याच्या काठावरून विचारलं की खाली उतरल्यावर, मुकुंद रिसबुडांना आता खात्रीने सांगता येत नाही. साठ वर्षांपूर्वीची गोष्ट. आठवणीत आपण नकळत भर घातली असेल, ही धास्ती त्यांना आहेच. प्रश्न मात्र हाच होता.

मुकुंद तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा. परदेशातून पुरातत्त्वाची डॉक्टरेट घेऊन नुकताच परतलेला. नदीकाठच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या, टेकाडात साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं एक घर लागलं होतं, कच्च्या विटांचं. कधीतरी माणसं ते सोडून गेली, छप्पर बसलं, भिंती आत कोसळल्या आणि खोली त्यांच्याच मातीने भरून गेली. ती पडझड काढायची आणि जे उभं राहिलं असेल ते राखायचं, एवढंच काम.

पण माती एकच. पडलेल्या भिंतीची तीच, उभ्या भिंतीचीही तीच.

हैबतीबाबा खणणाऱ्यांचे मुकादम. लहानपण विटा थापण्यात गेलेलं, पुढची तीस वर्षं अशी घरं उकरण्यात. सही अंगठ्याची. हे उत्खनन चालवणाऱ्या प्राध्यापकांनी मुकुंदला बजावलं होतं, “हे माझे गुरू. आता तुझेही.” मुकुंद नुसता हसला होता.

बाबा नातीच्या लग्नाला गेले. जाताना म्हणाले, “मी येईस्तवर पश्चिमेला हात लावू नका.” दोन दिवसांत मुकुंदने पश्चिमेची बाजू छातीइतकी खाली नेली.

आता बाबा परतले होते. डोक्याला अजून लग्नातला फेटा.

“बोला की. भिंत?”

“पश्चिमेला भिंत नव्हतीच. सगळी पडझड होती. काढली.”

“कशावरनं पडझड?”

“मऊ लागली.”

“आन् कडक लागली ती?”

“कडक... लागलीच नाही.”

“म्हंजी समदंच मऊ. लई नशीबवान.”

वर पाट्या वाहणाऱ्या बाया फिसकन हसल्या. एकजण म्हणाली, “बाबा, साहेबांनी पाट्या अशा भरल्या, आमची कंबर गेली.”

मुकुंद हसला नाही. उद्या प्राध्यापक यायचे होते.

“बाबा...”

“हं.”

“टाकलेल्या मातीत एक अख्खी वीट निघाली. चारी कोपरे शाबूत. मी ती तंबूत लपवलीय.”

“वीट लपवली?”

“घाबरलो. मी भिंतच तोडली असेल तर? अख्ख्या टेकाडावर हे एकच घर लागलंय. ती माती परत लावता येणार नाही.”

“न्हाई येणार.”

बाबांनी एवढंच म्हटलं. मुकुंदला वाटलं होतं, निदान धीर देतील...

बाबांनी फेटा काढून मुकुंदच्या हातात दिला. तांब्या उचलून तोंडभर पाणी घेतलं. मुकुंदने खणून जी बाजू उभी कापली होती तिच्यासमोर ते गेले आणि इस्त्रीवाला कपड्यावर मारतो तशी पाण्याची फवारणी तिच्यावर केली. पुन्हा एक घोट. पुन्हा एक. कापलेली माती वरपासून खालपर्यंत काळी झाली.

“आता बसा. तिकडं पाठ करून.”

“पाठ करून? मला बघायचंय!”

“दोन दिवस बघतच व्हता की.”

मुकुंद पाठ करून बसला. बाबा शेजारी बसून तंबाखू मळू लागले.

“किती वेळ?”

“वाळस्तवर.”

“एकदाच वळून बघू?”

“पळून जात्यात व्हय भिंती? असंल तर हाय. नसंल तर तुम्ही बघून उगवायची न्हाई.”

ऊन मानेवर आलं. मुकुंद मांडीवरचा फेटा नुसता घड्या घालत राहिला, उलगडत राहिला...

“वळा.”

पाणी सगळीकडे सारखं वाळलं नव्हतं. विटा फिकट झाल्या होत्या, त्यांच्यामधल्या सांदी अजून ओल्या. कालपर्यंत मुकुंदला जिथे नुसती माती दिसत होती तिथे एकेक वीट मोजता येत होती. सगळ्या आतल्या बाजूला कललेल्या, वह्यांची चळत घसरावी तशा. सांदींतून राख, आणि एका ठिकाणी उंदराचं इवलंसं हाड.

बाबांनी त्या तिरक्या ओळीवरून बोट नेलं. विटेला लागू न देता.

“उभी भिंत अशी निजत न्हाई.”

मुकुंद तिथेच खाली बसला. मग हसू लागला. डोळे पुसले ते बाबांच्याच फेट्याने, हे त्याच्या उशिरा ध्यानात आलं.

“पडझडच होती! म्हणजे मी काढली तीही पडझडच!”

“व्हय.”

“म्हणजे माझं बरोबर होतं, बाबा!”

बाबांनी तंबाखू दाढेखाली धरली. कापलेल्या बाजूकडे पाहिलं.

“हितं थांबलात कशानं?”

“म्हणजे?”

“हितंच का थांबलात? म्होरं का न्हाई गेलात?”

“कुदळीचा दांडा निसटला. मग जेवणाची सुट्टी झाली...”

“मग त्या दांड्याला नमस्कार करा, डाक्टर.”

एकोणीस वर्षांनी त्याच टेकाडावर पुन्हा काम निघालं. हैबतीबाबा तेव्हा नव्हते. मुकुंद रिसबुडांनी स्वतः खाली उतरून, छोट्या सुरीने, आपल्या जुन्या खड्ड्याची पश्चिमेची बाजू थोडी थोडी मागे नेली. मागे भिंत उभी होती, अकरा थरांची, आतल्या अंगाने गुळगुळीत लिंपलेली. त्यांच्या कुदळीच्या शेवटच्या खुणेपासून त्यांनी अंतर मोजलं. एकदा मोजून विश्वास बसेना, म्हणून तीनदा. साडेसात सेंटिमीटर.