वामन ठोसराची महायात्रा

"...मग ही महायात्रा नाही तर काय, बुवा?"

वामन ठोसर खांद्यावरची पडशीसुद्धा खाली न ठेवता विचारत होता. तीन वर्षं मुलूख पालथा घालून स्वारी आज थेट केरोबुवांच्या मठात उगवली होती. दाढी छातीपर्यंत आणि आवाज आभाळापर्यंत.

बुवा परसात वाफा खुरपत होते. मी पाणी घालत होतो.

"बर्फात झोपलो. पुरात वाहून जाता जाता वाचलो. चोरांनी धोतरसुद्धा सोडलं नाही! आता यावर ग्रंथ लिहिणार. नाव 'महायात्रा'. तुम्ही फक्त हो म्हणा. तुम्ही म्हणालात की गावात कुणाची टाप नाही हसायची."

"निघताना घरी काय सांगितलंस?"

वामन दाढी खाजवू लागला.

"काहीतरी सांगितलं असशील ना रे?"

"कोथिंबीर आणतो म्हणालो."

मला हसू आवरेना. याच्या बायकोनं, यमुनावहिनींनी, चुलीवर आमटी ठेवून याला धाडलं, आणि हा पठ्ठ्या बाजारातल्या बैराग्यांमागे चालता झाला! मग हसू विरलं आणि रागच आला. वहिनींनी एकटीनं कसे दिवस काढले ते आम्ही पाहिलंय.

"पोथ्यांतले राजे महायात्रेला निघतात," बुवा म्हणाले. "वनं तुडवतात, समुद्र ओलांडतात. शेवटच्या अध्यायात काय करतात?"

"घरी येतात."

"आणि तू?"

"मी... आधी इथं आलो."

"घर कुठंय तुझं?"

"हे काय, मागच्या गल्लीत."

"मग?"

वामननं पडशी खाली ठेवली. आवाजही खाली आला.

"रिकाम्या हातानं कसा जाऊ, बुवा? निदान तुमचा शब्द तरी गाठीला असावा म्हटलं. तिच्यासमोर उभं राहायचं म्हणजे... भीती वाटते हो."

"वाटेत वाघ नाही भेटला?"

"भेटला की! चांगला समोरासमोर."

"त्याची नाही वाटली?"

"एवढी नाही वाटली."

बुवा गुडघ्यावर हात टेकून उठले. वाफ्यातली मूठभर कोथिंबीर उपटली, मुळांची माती झटकली आणि त्याच्या हातात ठेवली.

वामन कोथिंबिरीकडे बघत राहिला.

"आणि... तो शब्द?"

"पळ आधी. आमटी खोळंबलीय."