उस्तादांचा पांढरा सदरा

“तारीख कोणती घालू?” उस्तादांनी विचारलं.

“अठराची,” निरंजन खराडे म्हणाला.

“आज किती आहे?”

“सव्वीस...”

पत्र्यावर रेघ ओढायची टोचणी उस्ताद इलाही शिकलगारांच्या हातात तशीच राहिली.

मिरजेबाहेरच्या या गॅरेजात जीपगाड्यांना रुंद टायर बसवतात. रुंद टायर बॉडीच्या बाहेर येतो आणि बाहेर आलेला टायर दगड फेकतो. म्हणून त्याच्यावर काळ्या प्लॅस्टिकची कमान बसवायची, तिला फ्लेअर म्हणतात. उस्तादांचा नेम होता, फ्लेअर आधी, टायर मागून. शिवाय गाडी सोडण्यापूर्वी परीक्षा. अंगणात चिखल आणि खडी पसरायची. धुतलेला पांढरा सदरा घालून उस्ताद मागच्या चाकापाशी उकिडवे बसायचे आणि शिष्यानं गाडी भरधाव पुढे काढायची. सदरा पांढरा राहिला, तरच फ्लेअरच्या आतल्या अंगाला तारीख कोरली जायची.

चाळीस वर्षांत त्या तारखेवर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

निरंजन इथंच नऊ वर्षं शिकला. मग हायवेला स्वतःचं दुकान काढलं. म्हाताऱ्याला खरं तर लाँड्री टाकायची होती, असं सांगून तो गिऱ्हाइकांना हसवायचा.

अठरा तारखेला त्यानं एक जीप फ्लेअरशिवाय सोडली. फ्लेअर अजून यायचे होते आणि मालकाला शर्यतीला जायची घाई होती. एकोणीसला घाटात तिच्या चाकातून दगड सुटला. रस्त्यावर खडी पसरणाऱ्या फुलाबाई गेजगेचा उजवा डोळा गेला.

वर्तमानपत्रात ‘महिला किरकोळ जखमी’ असं छापून आलं. मालकानं दुकानाकडे बोट दाखवलं. मुकादम म्हणाला, बाईच मधे आली. फुलाबाईला कुणी विचारलंच नाही.

उद्या चौकशीवाले जीप बघायला येणार होते. निरंजननं कालच तिला फ्लेअर बसवले होते आणि आज ती इथं आणली होती.

त्यानं उस्तादांना सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. दुकान बंद पडेल. अकरा माणसं कामाला आहेत, त्यांच्या घरच्या चुली विझतील. बाईचा डोळा काही परत यायचा नाही. तुमची अठराची तारीख असली, की पुढं कुणी काही विचारणार नाही.

उस्ताद फडक्यानं टोचणी पुसत राहिले.

“निदान काम तरी बघा. फटीत नख जायचं नाही.”

उस्तादांनी कमानीच्या कडेवरून सावकाश बोट फिरवलं. काम खरंच चोख होतं.

“तुझ्यासारखा हात इथं दुसऱ्या कुणाचा झाला नाही,” ते म्हणाले.

निरंजनचा चेहरा उजळला.

उस्ताद आत गेले आणि सदरा घालून आले. मागच्या चाकापाशी कण्हत उकिडवे बसले.

“काढ.”

निरंजननं गाडी काढली. चिखल उसळला, खडी आतल्या आत खडखडली. बाहेर काही आलं नाही.

उस्ताद गुडघ्यावर हात टेकून उठले. सदऱ्यावर एक ठिपका नव्हता.

“पास?”

“पास.”

“मग... अठरा?”

उस्तादांनी टोचणी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली. सदरा डोक्यावरून काढला. उघड्या अंगानं उभ्या उभ्या त्याची नीट घडी घातली आणि ती निरंजनच्या काळ्या हातांवर ठेवली.

“हा कशाला, उस्ताद?”

“फुलाबाईला नेऊन दे. म्हणावं, गेल्या एकोणीसला कामावर जाताना घाल.”